दोन रकान्यांचा करार

'स्थानिक समाज हे जंगलाचे रक्षक आहेत' हे वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये आहे का? माझ्यात होतं. मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: 'जंगल कोणाचं?'

त्या प्रश्नासाठी वाचावा असा एक मजकूर सांगते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे हायडा ग्वाय हा द्वीपसमूह आहे. तिथे पाऊस भरपूर, आणि सीडर-स्प्रूसचं शेवाळलेलं जुनं वर्षावन. १९८५ मध्ये तिथल्या हायडा लोकांनी लायल बेटावर लाकूडतोडीचा रस्ता अडवला. ७२ जणांना अटक झाली, त्यांत वृद्धही होते. त्याच वर्षी हायडांनी दक्षिणेकडचा हा भाग आपला वारसा म्हणून जाहीर केला. पुढे १९९३ मध्ये कॅनडा सरकारशी ग्वाय हानास करार झाला.

या कराराची सुरुवात बघाच. एका रकान्यात हायडा म्हणतात, ही भूमी आमची, इथे आमच्या वंशपरंपरागत प्रमुखांची सत्ता. शेजारच्या रकान्यात कॅनडा म्हणतं, ही राजसत्तेची जमीन. दोन्ही विधानं तशीच छापली आहेत, कुणीही माघार घेतलेली नाही. आणि त्याखाली दोघंही मान्य करतात की जंगल मात्र राखायचं. व्यवस्थापन मंडळावर दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान, निर्णय एकमताने.

आता यावरचे लेख चाळा. बहुतेकांत एकच शब्द सापडेल: 'सह-व्यवस्थापन'. चुकीचा नाही, पण त्यातला 'सह' तो वाद गिळून टाकतो. शिवाय क्रम उलटा होतो. पाहुण्यांना जुन्या गावांच्या जागा दाखवणारे, त्यांची राखण करणारे हायडा 'वॉचमन' १९८१ पासूनच तिथे उन्हाळाभर राहत होते. तेव्हा करार नव्हता, राष्ट्रीय उद्यानही नव्हतं. (शब्द ऐकून आपल्याला सोसायटीचा वॉचमन आठवतो! तिथे तो खांबांच्या टोकावर कोरलेल्या, उंच टोप्या घातलेल्या पहारेकऱ्यांवरून आलाय.) सरकारने त्यांना रक्षक 'नेमलं' असं लिहिलंत तर ते धादांत चूक.

कराराची बाजू लंगडी कुठे पडते, तेही सांगायला हवं. तो दक्षिणेपुरताच आहे. उत्तरेकडच्या ग्रॅहॅम बेटावर लाकूडतोडीच्या परवान्यावरून हायडांना पुन्हा भांडावं लागलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मालकी सिद्ध व्हायच्या आधीसुद्धा सरकारने त्यांच्याशी सल्लामसलत करणं बंधनकारक आहे. म्हणजे वाद मिटवला नाही म्हणून जंगल वाचलं, असं सरळ म्हणता येत नाही. दक्षिणेत ते खरं, उत्तरेत तो न मिटलेला वादच महागात पडला. मला स्वतःला या मजकुराचा मोह होता, म्हणून हा भाग मी उशिरा वाचला.

२०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने संपूर्ण हायडा ग्वायवर हायडांचा हक्क मान्य केला. १९९३ चा करार वाचताना तो शेवट आधीच माहीत असल्यासारखं वाचू नका. तेव्हा सही करणाऱ्यांना तो माहीत नव्हता.

माझ्या माहितीच्या तक्त्यात 'मालकी' असा एकच रकाना होता. आता दोन आहेत, आणि तक्ता पानात मावत नाहीये.