फ्रान्सिस मॅकमॅनस : घरातल्या माणसाने केलेली झाडाझडती

फ्रान्सिस मॅकमॅनस हे नाव आज आयर्लंडमध्येही पुष्कळांना एका कथास्पर्धेमुळे ठाऊक आहे. १९८६ साली तेथील नभोवाणीने त्यांच्या स्मरणार्थ लघुकथेसाठी पुरस्कार सुरू केला. ज्याच्या नावाने इतरांच्या कथांचा गौरव झाला, त्याच्या स्वतःच्या अकरा कादंबऱ्या मात्र फारशा वाचल्या जात नाहीत, ही गोष्ट आम्हांस खटकते. शिवाय त्यांच्याविषयी एक मत रूढ होऊन बसले आहे : मॅकमॅनस म्हणजे सोज्ज्वळ, आज्ञाधारक कॅथलिक लेखक, मुलाबाळांच्या घरात निर्धास्तपणे ठेवावा असा. हे मत अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे.

त्यांचा जन्म ८ मार्च १९०९ रोजी किल्केनी येथे झाला. शालेय शिक्षण ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत, पुढचे डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स अध्यापक महाविद्यालयात आणि विद्यापीठात. त्यानंतर डब्लिनमधील सिंज स्ट्रीटच्या शाळेत त्यांनी तब्बल अठरा वर्षे शिक्षकी केली. दिवसा फळा-खडू आणि रात्री लेखणी असा तो संसार होता. १९३४ ते १९४५ या काळात त्यांच्या नऊ कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या माणसाच्या चिकाटीची कल्पना येते.

आरंभीच्या तीन कादंबऱ्या, ‘स्टँड अँड गिव्ह चॅलेंज’ (१९३४), ‘कँडल फॉर द प्राउड’ (१९३६) आणि ‘मेन विदरिंग’ (१९३९), मिळून एकच मोठी कथा होते. तिचा नायक डोनखा रुआ मॅककॉनमारा हा अठराव्या शतकातला खराखुरा गेलिक कवी. ‘रुआ’ म्हणजे तांबडा. केसांच्या रंगावरून पडलेले नाव. तो काळ दंडक कायद्यांचा. कॅथलिकांना शाळा चालवण्याची १६९५च्या कायद्यानेच मनाई केलेली. म्हणून कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात, मिळेल तेथे शाळा भरत आणि फिरते मास्तर लॅटिन शिकवीत. डोनखा अशांपैकीच एक. विद्वान, विनोदी, मद्यप्रिय आणि कोठेही न टिकणारा. पुढे उपजीविकेसाठी त्याने प्रस्थापित प्रॉटेस्टंट पंथाचा आश्रय घेतला आणि नंतर तो पुन्हा आपल्या धर्मसभेकडे परतला.

अशा नायकाचे काय करावे? एखाद्या भाविक लेखकाने त्याला टाकून तरी दिले असते किंवा त्याच्या परतीवर फुले उधळली असती. मॅकमॅनस यांनी दोन्ही टाळले. त्यांनी भुकेला भूक म्हटले आणि पतनाला पतन. दुसऱ्या भागात कवी श्रद्धेपासून दूर जातो तेव्हा लेखक त्याच्यासाठी वकिली करीत नाही. पण आपण त्याच्या जागी असतो तर काय केले असते, हा प्रश्न वाचकाची पाठ सोडत नाही. या कादंबऱ्यांची भाषा काही ठिकाणी जड होते, ऐतिहासिक तपशिलाचा भार वाढतो, हे आम्ही नाकारीत नाही. तरीही हुतात्म्यांची चरित्रे वाचून वाढलेल्या आमच्यासारख्यांना डगमगलेल्या माणसाचे हे चरित्र अधिक जवळचे वाटले, हे सांगितलेच पाहिजे.

त्यांच्या इतर पुस्तकांपैकी ‘धिस हाऊस वॉज माइन’ ही जमिनीच्या हव्यासाने घर कसे पोखरते याची कथा आहे. शेतीवाडीच्या वाटण्या पाहिलेल्या वाचकास ती मुळीच परकी वाटणार नाही. ‘वॉटरगेट’ (१९४२) या नावाने कोणी दचकू नये. तिचा अमेरिकेतील त्या राजकीय प्रकरणाशी काही संबंध नाही, ती तीस वर्षे आधीची आहे. ‘द ग्रेटेस्ट ऑफ दीज’ (१९४३) मात्र प्रत्येक धर्मगुरूने वाचावी. तिच्यामागे एकोणिसाव्या शतकातील किल्केनी परिसरातील कॅलन गावचा धर्मकलह आहे. तेथील धर्मगुरू फादर रॉबर्ट ओ’कीफ यांनी आपल्या वरिष्ठांशी वाद आरंभला आणि १८७३ साली खुद्द कार्डिनल कलन यांना न्यायालयात खेचले. सारे गाव दुभंगले. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाकडे बोट दाखवणारे शीर्षक या कटू इतिहासाला द्यावे, यातच लेखकाची दृष्टी दिसते. कोण जिंकले यापेक्षा कोण प्रथम उठून दुसऱ्याच्या दारी गेले, याला ते महत्त्व देतात.

‘द फायर इन द डस्ट’ (१९५०) ही आमच्या मते त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी. परदेशात राहून आलेले गोल्डन कुटुंब एका आयरिश गावात परतते. त्यांचे मोकळे वागणे, हसणे-बोलणे गावाला रुचत नाही. मिस ड्रीलिन नावाच्या धर्मशील कुमारिकेला तर त्यात पापाचाच वास येतो. शेवट शोकांत आहे. तो येथे सांगून आम्ही वाचकाचा रसभंग करणार नाही. महत्त्वाचे हे की मिस ड्रीलिन ढोंगी नाही. ती मनापासून प्रार्थना करते. देवाचे काम करतो आहोत या खात्रीनेच ती एका घराचा नाश ओढवते.

हे वाचताना आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. आम्ही नवखे धर्मगुरू असताना एका धर्मग्रामात गायनवृंदातील एका तरुणीविषयी कुजबुज उठली. कुजबुज करणारी मंडळी रोज मिस्साला येणारीच होती. ती मुलगी प्रथम गायनवृंदातून व नंतर देवळातून दिसेनाशी झाली. आम्ही वेदीवरून एक शब्द बोललो नाही. शांतता राखली, असे तेव्हा आम्ही स्वतःला समजावले.

येथे तत्कालीन आयर्लंड लक्षात घ्यावे. १९२९च्या नियंत्रण कायद्याखाली पुस्तकांवर सर्रास बंदी येत होती. केट ओ’ब्रायन यांच्या ‘द लँड ऑफ स्पायसेस’वर १९४१ साली बंदी आली ती एका वाक्यापायी. शॉन ओ’फॅलन आणि फ्रँक ओ’कॉनर हे उघडपणे भांडले. मॅकमॅनस भांडले नाहीत, म्हणून टीकाकारांनी त्यांना मवाळ ठरवले. पण घराबाहेर उभे राहून खिडकीवर दगड मारणे एक, आणि घरात राहून कोपऱ्यातले जळमट दाखवणे वेगळे. दुसऱ्या कामात टाळ्या कमी मिळतात.

१९४८ साली ते नभोवाणीत गेले आणि तेथील विशेष कार्यक्रमांचे प्रमुख झाले. १९५३ साली त्यांनी थॉमस डेव्हिस व्याख्यानमाला सुरू केली. विद्यापीठांतील अभ्यासकांचे ज्ञान अर्ध्या तासाच्या भाषणांतून सामान्य घराच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचू लागले. कॅथलिकबहुल देशातील या मालेला डेव्हिस या प्रॉटेस्टंट देशभक्ताचे नाव आहे, हेही नोंदवण्याजोगे. या नोकरीची किंमत कादंबरीने चुकवली. १९५०नंतर ‘अमेरिकन सन’ (१९५९) ही एकच कादंबरी आली. काहींना ही हानी वाटते. आम्हांसही वाटते, पण शिक्षकाला मोठा वर्ग मिळाल्यावर त्याने तो नाकारावा असे आम्ही म्हणू शकत नाही.

१९६२ साली त्यांनी संत कोलंबानचे चरित्र लिहिले. हा आयरिश मठवासी राजाला त्याच्या अनाचाराबद्दल तोंडावर बोलला आणि पोपमहोदयांनाही त्याने स्पष्टोक्तीची पत्रे धाडली. तरी धर्मसभेची कास त्याने सोडली नाही. मॅकमॅनस यांना हाच संत का भावला असेल, हे त्यांच्या कादंबऱ्या वाचलेल्याला विचारावे लागत नाही. २७ नोव्हेंबर १९६५ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा रोममध्ये व्हॅटिकन परिषदेची अखेरची सत्रे चालू होती.