कच्चे छायाचित्र आणि देवणी गोवंशाचा रंग

निस्तेज छायाचित्र संपादनाने ‘जिवंत’ होते, हे विधान छायाचित्रणविषयक चर्चेत सहज स्वीकारले जाते. लातूर जिल्ह्यातील देवणीचे नाव धारण करणाऱ्या गोवंशाच्या संदर्भात मात्र ते तपासून पाहावे लागते. या गोवंशाचे प्रकार रंगावरूनच ओळखले जातात. वानेरा पांढरा, चेहऱ्याचा काही भाग काळा. बालंक्या पांढरा, काळे ठिपके शरीराच्या खालच्या भागावर. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके अनियमितपणे विखुरलेले.

‘रॉ’ चित्र फिके दिसते, कारण कॅमेऱ्याने त्यावर रंगसंस्कार केलेला नसतो. चौदा बिटच्या रॉ चित्रात प्रत्येक बिंदूसाठी १६,३८४ प्रकाशपातळ्या नोंदवता येतात; जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी केवळ २५६. हा साठा संयमाने वापरल्यास उन्हात पांढऱ्याफटक दिसणाऱ्या कातडीवरील वळ्या आणि गळ्याखालची पोळी पुन्हा स्पष्ट होते. सेन्सरने जे टिपलेच नाही, ते अर्थातच परत येत नाही.

तथापि कॉन्ट्रास्ट वाढवण्याचा मोह अनावर झाला की पाठीवरील करडी सावली किंवा चिखलाचा डाग काळा ठिपका भासतो आणि बालंक्याचा शेवरा होतो! चित्र उठावदार होते, पशू मात्र दुसराच ठरतो. २०१३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळालेल्या पॉल हॅन्सन यांच्या गाझातील अंत्ययात्रेच्या छायाचित्रावरूनही वाद झाला होता. ते जोडचित्र नसून त्यात छटांचेच फेरफार झाल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. वृत्तछायाचित्राच्या बाबतीत हा खुलासा कदाचित पुरेसा ठरेल. वंशनोंदीत छटा हाच पुरावा असल्याने संपादित प्रतीसोबत मूळ रॉ चित्र जपणे अनिवार्य ठरते.