वेलणकरची फाईल

'अर्धसत्य'मधलं काय आठवतं असं विचारलं, तर बहुतेक जण ओम पुरीचं नाव घेतात. आमच्या शेवगावकडच्या माणसाला रामा शेट्टी आधी आठवला तर नवल नाही. अमरापूर हे गाव आमच्या तालुक्यातलं, आणि ते आडनाव लावणारे सदाशिव अमरापूरकर नगरचे. १९८३ सालच्या या सिनेमात थोडाच वेळ पडद्यावर राहून त्यांनी जो रामा शेट्टी उभा केला, त्याला फिल्मफेअर मिळालं आणि हिंदी सिनेमाला एक नवा खलनायक मिळाला.

श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. चाळीस वर्षांत या सिनेमावर भरपूर लिहून झालंय. मर्दानगी, बाप-मुलाचं नातं, व्यवस्थेपुढची हतबलता, सगळं झालंय. पण मला हा सिनेमा एका फाईलचा वाटतो. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकरच्या नोकरीचं काय होणार, हे दर वळणावर कुठल्या तरी कागदावर ठरतं. तो कागद सिनेमातल्या शहराला कधीच दिसत नाही. दिसतो फक्त आपल्याला, प्रेक्षकांना.

क्रमाने बघा. वेलणकर गुंडांना बेदम मारतो, आमदार चिडतो, निलंबनाची वेळ येते. तेव्हा वरिष्ठ हैदर अली त्याला देसाई नावाच्या मध्यस्थाकडे नेतो आणि दिल्लीच्या ओळखीतून प्रकरण मिटतं. मग तो जिवावर उदार होऊन एका दरोडेखोराला पकडतो, पण श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या नावावर जातं. त्या संतापात तो दारू पिऊन एका किरकोळ चोराला कोठडीत इतकं मारतो की चोर मरतो. पुन्हा निलंबन, पुन्हा चौकशी. आता ती थांबवू शकणारा माणूस एकच उरलाय, रामा शेट्टी. मधूनमधून भेटणारा लोबो हा नोकरी गेलेला, दारूत बुडालेला जुना अधिकारी. वेलणकरचं पुढे काय होऊ शकतं, ते त्याच्याकडे बघून कळतं.

म्हणजे चांगलं काम केलं तरी, जीव घेतला तरी, नोंद काय होणार ते वशिल्यावर. तेंडुलकरांनी हे फार नेमकं पकडलंय. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. कोठडीत मेलेल्या त्या चोराच्या घरचं कुणीच सिनेमात येत नाही. 'माझ्या माणसाचं काय झालं, त्याचा कागद दाखवा' असं म्हणणारं एकही पात्र नाही. ज्योत्स्ना ही पोलीस खात्याबाहेरची, विचार करणारी बाई. पण तिच्या हातात एकच उरतं, वेलणकरपासून दूर होणं. शेवटी वेलणकर रामा शेट्टीचा गळा आवळतो आणि स्वतः जाऊन पोलिसांना सांगतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. चोराच्या मृत्यूची चौकशी मात्र तशीच राहते. एवढा धीट सिनेमा, पण सत्य बाहेर यायचं तर पोलिसानेच कबुली द्यायला हवी, यापलीकडे तो जात नाही.

पुढे आलेले सिनेमे धीटही राहिले नाहीत. 'सिंघम' (२०११) बघताना आपण शिट्ट्या वाजवल्या, पण त्याची सुरुवात आठवते का? इन्स्पेक्टर राकेश कदमवर भ्रष्टाचाराचा खोटा डाग लागतो आणि तो स्वतःला गोळी घालून घेतो. त्याच्या बायकोला हवं असतं ते इतकंच, की नवऱ्याच्या नावावरची खोटी नोंद पुसली जावी. ही खरं तर नोंदींचीच गोष्ट आहे. चौकशीचे कागद उघडे असते तर कदमला वाचवता आलं असतं. पण सिनेमा उत्तर काय देतो? पोलीस एकत्र येऊन जयकांत शिक्रेला ठाण्यातच गोळी घालतात आणि मग पत्रकार परिषदेत कदम निर्दोष असल्याचं सांगतात. एक खोटी नोंद पुसायला ठाण्याच्या आत एक खून, आणि तोही नोंदीबाहेरचा! २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी या सिनेमाचं नाव घेऊन सांगितलं होतं की असा झटपट न्याय धोकादायक संदेश देतो. ते बरोबरच आहे. मला त्यात एवढंच जोडावंसं वाटतं की कदमच्या बायकोचा प्रश्न खरा होता, उत्तर खोटं होतं.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) या दोघांपेक्षा शांत. लोकशाहीर नारायण कांबळेवरचा खटला रेंगाळत राहतो. त्यात बचावाचा वकील एक गोष्ट उघड करतो: पोलिसांनी आणलेला साक्षीदार दुसऱ्या खटल्यांतही साक्षीदार म्हणून उभा राहिलेला आहे. ना बंदूक, ना आरडाओरडा. वेगवेगळ्या खटल्यांतलं एकच नाव शेजारी शेजारी ठेवलं, इतकंच. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या भाषेत ही साधी 'जॉइन' क्वेरी. एका लॉगमधली एक चूक काही सांगत नाही. तीच चूक त्याच ठिकाणाहून पाचव्यांदा आली की दुखणं कळतं. पण त्यासाठी लॉग वाचायला मिळावा लागतो.

आता पडद्यावरून आमच्या जिल्ह्यात येऊ. पारनेर तालुका शेवगावपासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. राळेगणसिद्धी याच तालुक्यात. माहितीच्या अधिकाराची महाराष्ट्रातली चळवळ म्हटली की हेच नाव येतं. राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा नंतर, २००५ चा. याच पारनेरच्या नावावर जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी एक गोष्ट लिहिली. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटात पकडलेला ख्वाजा युनूस, मूळचा परभणीचा, वय २७, सॉफ्टवेअर इंजिनिअर. पोलिसांचं म्हणणं असं, की त्याला औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. तशी फिर्याद पारनेर पोलीस ठाण्यात दाखल झाली.

वाङ्मय म्हणून ती वाचली तर कथानकात खोट नाही: रात्र, रस्ता, अपघात, पसार. पण सहआरोपीने सांगितलं की त्याने युनूसला पोलीस कोठडीत मार खाताना आणि रक्त ओकताना पाहिलं होतं. आई उच्च न्यायालयात गेली, तपास सीआयडीकडे गेला, आणि पळून जाण्याची गोष्ट रचलेली असल्याचा निष्कर्ष निघाला. सीआयडीने चौदा पोलिसांची नावं घेतली, सरकारने खटल्याची परवानगी दिली चौघांपुरती. त्या स्फोटाच्या खटल्यातले इतर आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. चौघांपैकी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले आणि जून २०२० मध्ये, खटला निकाली निघालेला नसताना, सेवेत परत आले. पुढच्याच वर्षी वेगळ्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि ते बडतर्फ झाले, तेव्हा कुठे जुन्या फाईलची आठवण सगळ्यांना झाली.

या प्रकरणात काय कळलं आणि कशामुळे कळलं, ते बघा. जे कळलं ते न्यायालयातून कळलं, कारण तिथले कागद वाचता येतात. मथुरा प्रकरणातही हेच झालं होतं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची ती तक्रार. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. छापलेलं निकालपत्र उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी वाचलं आणि १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये, 'अर्धसत्य' आला त्याच वर्षी, कायदा बदलला. ते पत्र म्हणजे एका सरकारी कागदावरची समीक्षाच होती. कागद बंद असता तर समीक्षा कशाची करणार?

आणि इथेच आपल्याकडे एक विचित्र असमतोल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर, संवेदनशील गुन्हे सोडून, एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. शेवगावच्या एसटी स्टँडवर बसून मोबाईलवर जिल्हा, ठाणं, तारीख निवडली की शेजाऱ्यावर काय गुन्हा दाखल झाला ते वाचता येतं, तो खरा की खोटा हे ठरायच्या आधीच. पण त्याच ठाण्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याविरुद्ध चौकशी झाली का, ती संपली का, शिक्षा काय झाली, हे मागितलं तर उत्तर बहुधा 'वैयक्तिक माहिती' असं येतं.

या उत्तराचा उगमही महाराष्ट्रातच आहे. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षांचे आदेश गिरीश देशपांडे यांनी माहिती अधिकारात मागितले होते. ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा मुख्यतः कर्मचारी आणि त्याची आस्थापना यांच्यातला मामला आहे, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय देता येणार नाही. प्रकरण पोलिसांचं नव्हतं, पण तो निकाल सगळ्याच सरकारी नोकरांच्या फाईलींना लागू पडत गेला. तरी तेव्हा मूळ कलमात एक आधार होता: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारू नये. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने तो आधारच काढून टाकला आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू आहे. आता 'वैयक्तिक माहितीशी संबंधित' एवढं कारण पुरतं. जनहितासाठी माहिती देण्याची वेगळी तरतूद अजून आहे, पण ते जनहित ठरवणारा पहिला माणूस त्याच खात्यातला.

मग स्वतंत्र देखरेख? २००६ च्या प्रकाश सिंह निकालात न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं मागितली होती, त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असंही म्हटलं होतं. महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्यात राज्य आणि विभाग अशा दोनच पातळ्या ठेवल्या. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं, असे विषय त्यांच्याकडे दिले. शिफारस मात्र सरकार अपवादात्मक परिस्थितीत कारणं नोंदवून नाकारू शकतं. ही नोंदवलेली कारणं लोकांना वाचायला मिळाली, तरच या प्राधिकरणाला दात आहेत असं म्हणता येईल.

यावर पोलिसांच्या घरातून येणारी हरकत मी हलकी मानत नाही. बारा-बारा तासांची ड्युटी, बंदोबस्त, सणाला घरी नाही, त्यात सूडाने केलेल्या खोट्या तक्रारी. सगळं उघडं केलं तर माणूस काम कसं करणार? म्हणून चालू चौकशी, तक्रारदाराचं नाव, घरचा पत्ता, आजारपण हे झाकलेलंच राहावं. पण चौकशी पूर्ण झाल्यावर आरोप काय होता, निष्कर्ष काय निघाला, कारवाई काय झाली, या तीन गोष्टी झाकायचं कारण काय? न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी १९७६ च्या कायद्याने बंद होत्या. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, जून २०२० मध्ये, तो कायदा रद्द झाला आणि नोंदी लोकांना शोधता येऊ लागल्या. पोलीस दल बंद पडलं नाही. आणि आपल्याकडे याची गरज सर्वांत जास्त राकेश कदमसारख्या माणसाला आहे. 'आरोप खोटा, चौकशीअंती निर्दोष' हे वाक्य सरकारी शिक्क्यासह सगळ्यांना वाचता आलं, तर त्याला सिंघमची वाट बघावी लागणार नाही.

'अर्धसत्य' पुन्हा बघाच. शेवटचा कबुलीचा प्रसंग आजही अंगावर येतो. पण तो संपल्यावर मनात एक जादा प्रसंग जोडून बघा. कोठडीत मेलेल्या त्या चोराचा भाऊ किंवा बायको ठाण्याच्या काउंटरवर उभी आहे. हातात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज आहे, आणि त्यात एकच मागणी आहे: सब-इन्स्पेक्टर वेलणकर यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल. आजच्या कायद्याने तिला काय उत्तर मिळेल, याचा अंदाज तुम्हाला आता आलाच असेल.