पावणेचार लाखांचं तिकीट

आजचा विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस फुटबॉलच्या तिकिटांवर काय बोलणार. रास्त शंका आहे. मी फुटबॉल कधी धड खेळलोही नाही. पण वस्तूची किंमत आणि तिचं मोल यांत फरक असतो का, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे. २०२६ च्या विश्वचषकानं तो इतका उघड्यावर आणून ठेवला आहे की वेगळं उदाहरण शोधायला नको.

आधी थोडे आकडे. ११ जूनपासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत ही स्पर्धा आहे. संघ ४८, सामने १०४. गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय फुटबॉल संघटनांमार्फत निष्ठावान समर्थकांना द्यायच्या तिकिटांचे दर बाहेर आले. निष्ठावान म्हणजे वर्षानुवर्षं आपल्या संघामागे गावोगाव हिंडणारे. त्यांच्यासाठी अंतिम सामन्याचं तिकीट ४,१८५ डॉलर. रुपयांत साधारण पावणेचार लाख. आणि हे सगळ्यांत स्वस्त बरं का! याच अमेरिकेत १९९४ साली विश्वचषक झाला, तेव्हा तिकिटं २५ ते ४७५ डॉलरपर्यंत होती. त्या ५२ सामन्यांना ३५ लाखांहून अधिक लोक आले. म्हणजे स्टेडियम भरण्यासाठी एवढे दर लागतात, असं काही नाही.

ओरड झाली. युरोपातल्या समर्थकांच्या संघटनेनं याला विश्वासघात म्हटलं. मग फिफानं जाहीर केलं की प्रत्येक सामन्याला ६० डॉलरची तिकिटंही असतील. बातमी ऐकून बरं वाटतं. पण जरा हिशेब करू. संघ ज्या सामन्यात खेळतो, त्याच्या ८ टक्के जागा त्या देशाच्या संघटनेकडे जातात. त्यातल्या १० टक्के जागा ६० डॉलरच्या. ८० हजारांचं स्टेडियम धरलं तर एका संघाच्या वाट्याला ६,४०० जागा आणि त्यांतल्या स्वस्त ६४०. ब्राझीलसारख्या देशाला ६४०!

आता दुसरी बाजू, कारण ती न ऐकता टीका करणं मला पटत नाही. फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो म्हणाले की पंधरा दिवसांत १५ कोटी तिकिटांची मागणी आली. तिकिटं जेमतेम साठ-सत्तर लाख. शिवाय पैसा जगभरच्या फुटबॉलमध्येच परत जातो, गरीब देशांतला खेळ त्यावर चालतो. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी उडवून लावणार नाही. पण पहिला युक्तिवाद तपासून बघा. मागणी प्रचंड आहे, म्हणून दर योग्य आहे. मागणीवरून कळतं एवढंच की पुष्कळांना आत यायचं आहे. त्यांतल्या कुणाला आत सोडायचं, हे मागणी ठरवत नाही. ते कुणीतरी ठरवतं. रांग लावून ठरवता येतं, सोडत काढून येतं, पैशावरून येतं. फिफानं सोडत काढली खरी, पण सोडतीत नाव लागल्यावर जे मिळतं ते काय? एवढे पैसे भरण्याची परवानगी. आणि दर चढा असला की त्यातून कळतं ते खिशाविषयी, ओढीविषयी नाही. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला चार हजार डॉलर म्हणजे एक संध्याकाळ. ज्याच्याकडे नाही त्याची चार वर्षांची बचत.

यावर अर्थशास्त्राची मंडळी म्हणतात, तिकीट स्वस्त ठेवलं तर फरक काळाबाजारवाले खातील. आमच्या तरुणपणी थिएटरबाहेर 'दस का बीस' म्हणत फिरणारे असायचे, त्यामुळे हे मला नवीन नाही. पण इथं गंमत बघा. फिफाच्या स्वतःच्याच पुनर्विक्रीच्या मंचावर फिफा विकणाऱ्याकडून १५ टक्के घेते आणि घेणाऱ्याकडूनही १५ टक्के. थिएटरबाहेरचा तो बिचारा निदान पोलीस दिसला की पळायचा. उलट, मेक्सिकोतल्या सामन्यांची तिकिटं तिथल्या रहिवाशांना मूळ किमतीपेक्षा जास्तीनं विकता येत नाहीत. म्हणजे आळा घालता येतो. तो कुठं घालायचा, हा निवडीचा भाग झाला.

माझा मूळ मुद्दा मात्र वेगळा आहे. कांटनं १७८५ मध्ये एक भेद सांगितला. ज्याला किंमत असते, त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं काही ठेवता येतं. ज्याच्या जागी असं दुसरं ठेवता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. कांट माणसाविषयी बोलत होता, मी प्रेक्षकांपुरतं विचारतो: एक प्रेक्षक उठवून दुसरा बसवला तर सामना तोच राहतो का? गल्ल्याच्या दृष्टीनं राहतो. पण २०२० चं वर्ष आठवा. महामारीत जर्मनी-इंग्लंडमधले सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले आणि टीव्हीवाल्यांनी त्यांवर गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला. का लावला? कारण त्या आवाजाशिवाय माल अपुरा वाटत होता. म्हणजे प्रेक्षक नुसता माल घेत नाही, तो घडवतोही. आणि त्यानंच घडवलेली गोष्ट त्याला पावणेचार लाखांना विकायची? माझा आक्षेप इथं आहे.

खरा चाहता कोण, हेही एकदा बघू. २०२२ च्या नोव्हेंबरात दोहाच्या रस्त्यांवर केरळचे लोक अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंडचे शर्ट घालून ढोल वाजवत निघाले. युरोपातल्या काही माध्यमांनी लगेच शंका घेतली, हे भाड्यानं आणलेले दिसतात! कतारनं काही परदेशी समर्थकांचा खर्च उचलला होता, हे खरं. पण ही माणसं तिथं राबणारी होती आणि त्यांना तो शेरा फार लागला. त्याच सुमारास कोझिकोड जिल्ह्यात पुल्लावूरच्या नदीत मेस्सी आणि नेमार यांचे प्रचंड कटआउट उभे होते. ते कुणी भाड्यानं उभे केले होते? आज इथं कोल्हापूरचे कुणी असतील तर त्यांना हे समजावून सांगायला नको. विश्वचषकाच्या महिन्यात तिथल्या पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात ते काय फिफाला विचारून? आणि एक सांगतो. कतारमध्ये रहिवाशांसाठी ४० रियालचं तिकीट होतं, म्हणजे नऊशे रुपयांच्या आसपास. मी कतारची वकिली करत नाही; स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांचे तिथं काय हाल झाले, ते आपण वाचलं आहे. पण ४० रियालात एखादा मजूर मेस्सीला समोर बघू शकत होता, एवढं मान्य करायला हवं.

राहिलं राजकारण. पैशांचं तिकीट जमवलं तरी दुसरं तिकीट लागतं, ते म्हणजे पासपोर्ट. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. त्यांत इराण आणि हैती, दोघेही या स्पर्धेला पात्र. खेळाडू, प्रशिक्षक, सोबतचे कर्मचारी, जवळचे नातेवाईक यांना सवलत आहे, चाहत्यांना नाही. डिसेंबरात सेनेगल आणि आयव्हरी कोस्टवरही निर्बंध आले. त्यात नवे पर्यटक व्हिसा बंद. आणि त्याच डिसेंबरच्या ५ तारखेला, वॉशिंग्टनमध्ये, फिफानं त्याच अध्यक्षांना नवा कोरा शांतता पुरस्कार दिला. २०२२ मध्ये इन्फान्तिनोंनीच संघांना पत्र लिहून सांगितलं होतं की फुटबॉलवर लक्ष द्या, त्याला राजकीय वादांत ओढू नका. फिफाच्या घटनेतलं चौथं कलम राष्ट्रीयत्वावरून भेदभावाला मनाई करतं. व्हिसा देणं फिफाच्या हातात नाही, हे मला कळतं. पुरस्कार देणं तर हातात होतं ना?

हैतीचंच बघा. १९७४ नंतर, म्हणजे ५२ वर्षांनी, हा देश विश्वचषकात खेळणार आहे. राजधानीत सशस्त्र टोळ्यांचं राज्य असल्यामुळे पात्रतेचे 'घरचे' सामनेसुद्धा त्यांना क्युरसाओ बेटावर खेळावे लागले. हैतीत राहणाऱ्या माणसाला आपला संघ आपल्या देशात बघता आला नाही, आणि आता अमेरिकेत जाऊनही बघता येणार नाही. १३ जूनला बोस्टनजवळ त्यांचा पहिला सामना आहे, स्कॉटलंडशी. बोस्टन भागात हैतीहून आलेली वस्ती मोठी आहे, त्यामुळे गाणी होतील, ढोल वाजतील, टीव्हीवर सगळं भरलेलं दिसेल. पोर्तो प्रिन्समधला माणूस ते बघेल, त्या वेळी वीज असली तर.

वेळ संपत आली. आता प्रश्न घेऊ या.