‘स्मृतिचित्रां’तील देव

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथातील विनोदाची आमच्या टीकाकारांनी मनसोक्त वाखाणणी केली आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ दुरावलेल्या देवाच्या पुनर्भेटीचाही इतिहास आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

ग्रंथारंभीच वडिलांच्या कडकडीत सोवळ्याचे वर्णन येते. त्या घरात पाणी होते ते विटाळ धुण्यासाठी. धर्म उदंड, ओलावा मात्र बेताचाच. पुढे 1895 साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. त्या वियोगाचा काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. प्रत्यक्ष विठ्ठलाच्या गावी राहूनही मनाला थारा नसावा, याहून मोठा कोरडेपणा तो कोणता?

पत्नी पतीच्या मागोमाग गेली, एवढ्यावर या धर्मांतराची बोळवण करणे आम्हांस मान्य नाही. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. पतीकडे अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) परतल्यावरही त्यांचे सोवळे तत्काळ सुटले नाही. त्यांची चूल निराळीच राहिली. मग एके दिवशी त्यांनी स्वतःशीच प्रश्न केला : जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आमच्या मते या ग्रंथाचा गाभा येथेच आहे. ज्या पाण्याने माणसे दूर ठेविली जात, तेच पाणी आता त्यांच्या हातून घ्यावयाचे होते.

आत्म्याची तळमळ पानोपान उकललेली पाहू इच्छिणारा वाचक येथे काहीसा निराश होईल. एवढी मोठी घटना लेखिका थोडक्या शब्दांत आटोपते आणि पुन्हा संसाराच्या गोष्टींकडे वळते. हे कोणी न्यून म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. साक्षात्काराचा गाजावाजा नसल्यामुळेच तिच्या साक्षीवर आमचा विश्वास बसतो.

ज्यांच्या देवघरात नित्य पूजा चालते, पण अंतःकरण कोरडे पडले आहे, अशा सुशिक्षित कुटुंबांनी हा ग्रंथ या दृष्टीने पुन्हा वाचावा. हरवलेला देव ध्यानधारणेतच गवसतो असे नाही. आपण ज्याला दूर बसविले, त्याच्या ओंजळीतूनही तो परत येतो.