रक्ती हगवण आणि झाडपाल्याचे दावे

कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर लसूण, कडुनिंब, ओवा यांचे अर्क गुणकारी ठरल्याचे लेख वरचेवर वाचायला मिळतात. त्यांचा हेतू चांगला असतो. नेहमीच्या औषधांना न जुमानणारे परजीवी वाढले आहेत आणि पर्याय हवा आहे, हेही खरे. पण त्यांतील पुरावा तपासू लागलो की आमची पंचाईत होते.

हा रोग आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो. विष्ठेतून बाहेर पडलेल्या त्याच्या जाड कवचाच्या पुटी गादीतील ओलाव्यात आणि उबेत एक-दोन दिवसांत पक्व होतात. त्या पक्ष्याच्या पोटात गेल्या की परजीवी आतड्याच्या पेशींत शिरून वाढतो. पुष्कळ प्रयोगांत या पुटी काचेच्या बशीत घेऊन त्यांवर अर्क घालतात आणि किती पुटी पक्व झाल्या नाहीत ते मोजतात. मोजणी बरोबर असेलही, पण त्यावरून फार तर गादीवर फवारायचे द्रव्य सापडले असे म्हणता येईल. पोटात अर्क पचतो, विरळ होतो. आणि तिथे परजीवी पेशीच्या आत दडलेला असतो.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. या परजीवीच्या पिढ्या ठरावीक असतात. त्या संपल्या आणि नवी लागण झाली नाही, तर वाचलेला पक्षी आपोआप सुधारतो. आयमेरिया टेनेला या जातीत लागणीनंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास विष्ठेत रक्त दिसते आणि थोड्याच दिवसांत थांबते. म्हणजे रक्त दिसल्यावर पाण्यात साखर घातली तरी वाचलेल्यांना गुण येणारच! औषध न दिलेला गट शेजारी नसेल, तर गुण कशाचा हे सांगता येत नाही. मेलेले पक्षी तर बहुधा हिशोबातच नसतात.

वनस्पतींत औषध नसते असे आम्ही म्हणत नाही. चीनमधील चांगशान या झुडपातील फेब्रिफ्यूजिनमध्ये बदल करून हॅलोफ्युजिनोन तयार झाले. दहा लाख भाग खाद्यात ते फक्त 3 भाग मिसळतात. मात्रा वाढली की कोंबड्या खाणेच कमी करतात. हिवतापावरील आर्टेमिसिनिन ज्या आर्टेमिसिया ॲनुआपासून मिळते, तिची वाळलेली पाने 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात खाद्यातून 5 टक्के दिली होती. टेनेलाने आतड्याला होणारी इजा त्यामुळे कमी झाली, पण ॲसर्व्ह्युलिना आणि मॅक्झिमा या जातींवर परिणाम दिसला नाही. कोंबडीत रोग करणाऱ्या जाती सात मानतात. ‘रक्ती हगवणीवर गुणकारी’ म्हणणारे किती लेख यांपैकी जात कोणती, ते सांगतात?

शिक्षकांनी असे एखादे कात्रण वर्गात जरूर वाचावे. जात कोणती, प्रयोग बशीत की पक्ष्यात, औषधाविना किती पक्षी ठेवले, त्याच वेळी गादी बदलली होती का, हे मुलांना शोधू द्यावे. शंभर-दोनशे पिल्लांवर घर चालवणाऱ्याने रक्त दिसल्यावर लसणाच्या पाण्यावर दोन दिवस काढले, तर सर्वांत जास्त मरतूक नेमकी त्याच दिवसांत होते.