बोध आधी की प्रसंग आधी? नाताळच्या लेखांचं एक संशोधकी वाचन



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या नाही तर सिनॉप्सिसच्या तयारीत असाल. अशा वेळी नाताळच्या लेखांवर समीक्षा कशाला, असं वाटू शकतं. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे आणि धर्मशास्त्र हा माझा विषय नाही. पण निरीक्षणावरून निष्कर्षावर कसं जायचं हा आपल्या सगळ्यांचा रोजचा प्रश्न आहे, आणि या लेखांत तोच प्रवास दीड पानात उघडा दिसतो. म्हणून हे वाचन.

डिसेंबर अर्धा सरला की आपल्या संभाजीनगरात छावणीच्या बाजूला घरांवर तारे लागतात. मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, शंकरपाळे तळायला घेतात. दिवाळीत शेजारून आलेलं ताट नाताळात भरून परत जातं. याच दिवसांत स्मरणिकांमधून, मासिकांमधून आणि आता मोबाइलवरून छोटे छोटे लेख फिरतात. त्यांचा साचा ठरलेला असतो: घरातला एक साधा प्रसंग, मग एक वळण, मग श्रद्धेचा धडा.

नमुने मी इथे स्वतःच तयार करतो, म्हणजे कोणा एकावर टीका होणार नाही. समजा, नाताळच्या आदल्या रात्री लाइट गेली. सगळे वैतागले. आजीने मेणबत्ती लावली आणि लेखकाला जाणवलं की अंधार असल्याशिवाय प्रकाशाची किंमत कळत नाही. किंवा समजा, करंजी तेलात फुटली, सारण बाहेर आलं, आणि लेखकाला कळलं की देवाला आपलं बाहेरचं रूप नको, आतलं हवं. किंवा ऐन जेवणाच्या वेळी दारात एक उपाशी मुलगा उभा राहिला आणि लेखकाला त्याच्या डोळ्यांत बाळ येशू दिसला.

आधी या लेखांची बाजू मांडतो. त्यांना हसणं सोपं आहे, पण त्यांच्यामागचा विचार हलका नाही. देव माणूस झाला आणि त्याला जनावरांच्या गव्हाणीत निजवलं, ही ज्या सणाची मूळ गोष्ट आहे, त्या सणात स्वयंपाकघर, तेल, मेणबत्ती यांत अर्थ शोधणं अगदी सुसंगत आहे. मराठीत याला जुनी परंपराही आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केलं ते ओवीत, म्हणजे इथल्या माणसाच्या कानाला ओळखीच्या चालीत. 'ज्ञानोदय' अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग वापरला. मोठी गोष्ट आपल्या घरातल्या भाषेत आणायची, ही इच्छा खरी आहे.

मग अडचण कुठे आहे? एक सोपी चाचणी करून पाहा. प्रसंग उलटा करा. लाइट गेलीच नाही असं धरा. लेखक काय लिहील? "सगळीकडे अंधार असताना आमच्या घरातला दिवा विझला नाही, तशीच देवाची कृपा." करंजी फुटली नाही असं धरा. "उकळत्या तेलातही जी फुटत नाही ती श्रद्धा." म्हणजे प्रसंग काहीही घडो, धडा तयारच. तो आधी ठरलेला होता, प्रसंग फक्त टांगायला खुंटी म्हणून आला.

संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये हीच गोष्ट तुम्ही वेगळ्या नावाने वाचली असेल. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने वैज्ञानिक विधानाची कसोटी सांगितली ती अशी: ते खोटं ठरण्याची शक्यता असली पाहिजे. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही इथे आठवावा. त्याने लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं, हे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा. तुम्ही हवी ती तीन आकड्यांची मांडणी सुचवा, ती बसते की नाही एवढं मी सांगेन. बहुतेकांच्या डोक्यात 'दोनदोनने वाढणारे' असं काहीतरी आलं आणि ते ८, १०, १२ अशाच मांडण्या विचारत राहिले. प्रत्येक वेळी उत्तर 'बसते'. खात्री वाढत गेली. खरा नियम मात्र एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ७ विचारलं असतं तर आपला अंदाज अपुरा आहे हे लगेच कळलं असतं. पण जिथे आपण चुकू शकतो असा प्रश्न फार कमी जणांनी विचारला.

इथे कोणी म्हणेल, श्रद्धा म्हणजे प्रयोगशाळा नाही. मान्य. लेखाने देव सिद्ध करावा अशी माझी मागणीच नाही. मागणी एवढीच आहे की जो प्रसंग सांगताय तो नीट पाहा. ही मागणी बाहेरून आणलेली नाही, मूळ ग्रंथच ती करतो.

लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आणि मत्तयाचा दुसरा अध्याय समोर ठेवा आणि जन्माच्या प्रसंगात काय काय आहे याची यादी करा. लूककडे शिरगणती आहे, उतारशाळेत जागा नसणं आहे, गव्हाण आहे, रात्री कळप राखणारे मेंढपाळ आहेत. मत्तयाकडे तारा आहे आणि पूर्वेकडून आलेले मागी आहेत. ते तीन होते असं तिथे लिहिलेलं नाही. भेटवस्तू तीन आहेत. ते येतात तेही घरात, गोठ्यात नाही. देखाव्यात आपण हमखास ठेवतो ते बैल आणि गाढव या दोन्ही अध्यायांत नाहीत. तारीखही नाही, २५ डिसेंबरला सण पाळल्याची रोममधली जुनी नोंद चौथ्या शतकातली आहे. ही यादी कोणाची श्रद्धा मोडण्यासाठी नाही. ग्रंथात काय आहे आणि आपण काय घातलं हे वेगळं कळावं म्हणून आहे. तुमच्या भाषेत सांगायचं तर निरीक्षण आणि अन्वयार्थ यांचे रकाने वेगळे ठेवायचे.

याच अध्यायात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मरीया. मेंढपाळ येतात, पाहिलेलं सांगतात, ऐकणारे थक्क होतात. मरीया काहीच बोलत नाही. ती सगळं मनात ठेवते आणि त्यावर विचार करत राहते. पहिल्या नाताळच्या गोष्टीतच, जिच्या घरी सगळं घडलं ती बाई घाईने बोध सांगत नाही.

असं न सांगता ठेवणारं लेखन मराठीत आहे का? आहे, आणि ते आपल्यापासून फार लांबचंही नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. त्यातला बराच भाग शेजारच्या नगर जिल्ह्यात, राहुरी आणि नगरला घडतो.

आधी टिळकांचा एक प्रसिद्ध प्रसंग घेऊ. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते. डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या. उतरण्याआधी त्याने टिळकांना नवा करार दिला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. रोजच्या प्रवासात देव भेटला, भाकीत खरं ठरलं. साच्यातल्या लेखाला याहून चांगला प्रसंग मिळणार नाही. बहुतेक प्रवचनं इथेच थांबतात.

लक्ष्मीबाईंचं खरं दुःख इथून सुरू होतं. नवरा धर्म बदलून बसला, हे त्यांना नंतर कळलं. पदरात लहान दत्तू. काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. नवऱ्याच्या आयुष्यातला परमानंदाचा दिवस हा बायकोच्या आयुष्यातला सर्वनाशाचा दिवस होता, आणि पुस्तक या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहू देतं. 'पण शेवटी सगळं चांगल्यासाठीच झालं' असं म्हणून त्या दुःखावर पांघरूण घालत नाही. शेवट माहीत असूनही त्या आधीची पानं दुरुस्त करत नाहीत.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात वाढलेल्या या बाईने नवऱ्याच्या घरातही आपलं सोवळं सांभाळलं. मनातला जातीचा विटाळ आधी सुटला, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. आणि तो विटाळ सुटला तो पाणी, चूल, कोणाच्या हातचं खायचं अशा रोजच्या गोष्टींच्या पातळीवर. इथे पाणी हे कशाचं प्रतीक नाही. ते खरंच पाणी आहे. प्यायचं की नाही हे ठरवावं लागतं, आणि प्यायलं तर माहेरचं दार बंद होऊ शकतं. इथे प्रसंगाला नकार देता येतो. लक्ष्मीबाई 'नाही' म्हणू शकल्या असत्या, बरीच वर्षं म्हणतही होत्या. म्हणून त्यांच्या 'हो'वर आपला विश्वास बसतो.

आता दारातल्या त्या उपाशी मुलाकडे परत येऊ. तीन नमुन्यांत मला सर्वांत जास्त खुपतो तो हाच. लेखकाला त्याच्या डोळ्यांत येशू दिसला, छान. पण मुलाचं नाव काय? तो कुठून आला? जेवून कुठे गेला? लेखात तो दोन ओळी येतो, लेखकाला धडा देतो आणि नाहीसा होतो. आपल्या भागात हे जास्तच टोचायला हवं. नगर आणि मराठवाड्यातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावच्या पाणवठ्यावर ज्यांना येऊ दिलं जात नव्हतं अशा समाजांतले होते. 'उतारशाळेत जागा नव्हती' हे वाक्य त्यांच्यासाठी रूपक नव्हतं, घरची हकिकत होती. दाराबाहेरच्या माणसाला आतल्याच्या बोधाचं साहित्य करून टाकणं हा केवळ शैलीचा दोष उरत नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच माणूस त्यात हरवतो. आजारी मूल गमावलेल्या आईला नाताळात 'यातूनही देव काही शिकवतोय' असं ऐकवलं जातं तेव्हा हेच होतं. धडा सांगणाऱ्याला हलकं वाटतं, ऐकणारी गप्प होते.

प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणातही हाच साचा सहज शिरतो. आकडे वाढले तर गृहीतक सिद्ध, घटले तर 'स्थानिक परिस्थितीमुळे' तेच गृहीतक सिद्ध. मुलाखत दिलेल्या बाईचं एक वाक्य उचलायचं, आपल्या मुद्द्याला चिकटवायचं आणि बाईला सोडून द्यायचं. गाईडच्या लक्षात आलं नाही तरी वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. म्हणून कुठलाही निष्कर्ष लिहिताना, नाताळच्या लेखातला असो वा प्रबंधातला, तीन प्रश्न जवळ ठेवा. एक, उलटं घडलं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं का? दोन, या प्रसंगातली कोणती गोष्ट माझ्या धड्यात बसत नाही, आणि ती मी लेखात ठेवली आहे का? तीन, ज्या माणसामुळे मला हे कळलं तो लेख संपताना अजून लेखात आहे का?

या सुट्टीत 'स्मृतिचित्रे' जरूर वाचा. आणि नाताळात कोणाच्या घरी फराळाला गेलात तर आल्यावर वहीत एक पान लिहा: कोण होतं, काय बोलणं झालं, ताटात काय होतं, कोण जेवायचं राहिलं. खाली तात्पर्याची जागा कोरी सोडा. महिन्याभराने पान पुन्हा वाचा आणि तेव्हाही काही लिहावंसं वाटलं तर लिहा.